आगबोटींचे यंत्रविशारद अर्देशीर वाडिया

बुलढाणा जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांना पावसाळ्यात पूर येतात; परंतु भरती-ओहोटी, गलबते आणि गोदी यांची ओळख येथील मुलांना बहुधा पुस्तकांतूनच होते. तरीही एक काळ असा होता की, या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कष्टाचे मोल दूरच्या समुद्रावरील जहाजांशी जोडले गेले होते. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही कापसाची फार मोठी बाजारपेठ होती. १८७० मध्ये जलंबहून खामगावापर्यंत लोहमार्ग आला आणि तेथील कापसाच्या गाठी आगगाडीने मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागल्या. त्या बंदरात शिडांच्या जहाजांशेजारी धूर सोडणाऱ्या आगबोटी उभ्या असत. वाऱ्याची वाट न पाहता चालणाऱ्या या आगबोटींची विद्या ज्या पुरुषाने मुंबईत स्वकष्टाने आत्मसात केली आणि एतद्देशीय कारागिरांच्या हाती दिली, त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. जहाजे बांधणे हा या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे सुरतेचे कुशल सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १७३६ मध्ये मुंबईस आणले. पुढे त्यांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची शेकडो जहाजे बांधली. ही जहाजे इतकी टिकाऊ असत की, इंग्लंडचे आरमारही त्यांची मागणी करी. १८१७ मध्ये या गोदीतून बाहेर पडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. अशा कीर्तिवंत घराण्यात जन्मलेल्या मुलाला आपला मार्ग शोधण्याची गरज नव्हती. वडिलांच्या हातून वाकस घ्यावा, लाकडाची पारख शिकावी आणि कालांतराने मुख्य बांधणीदाराचे पद मिळवावे, असा तो राजमार्ग होता.

वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे १८२२ मध्ये, अर्देशीर गोदीत कामास लागले. लाकूड तासणे, फळ्या वाकविणे, सांधे बुजविणे ही कामे त्यांनी परंपरेप्रमाणे शिकून घेतली. परंतु त्यांचे मन जडले ते एका नव्या शक्तीवर. ही शक्ती वाफेची होती. युरोपात वाफेची यंत्रे खाणींतील पाणी उपसत होती, सूत कातत होती आणि बोटीही चालवू लागली होती. मुंबईत मात्र ही विद्या शिकविणारी शाळा नव्हती. विलायतेहून येणारी पुस्तके वाचावी, हाती लागेल ते यंत्र उकलून पाहावे आणि पुन्हा जोडावे, एवढाच शिक्षणाचा मार्ग खुला होता. अर्देशीर यांनी तो मार्ग धरला.

ते एकवीस वर्षांचे असताना मुंबईच्या गोदीत एक महत्त्वाची घटना घडली. वाडिया कुटुंबातील कारागिरांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८२९ मध्ये पाण्यात उतरली. बोट मुंबईची होती. पण तिच्यातील प्रत्येकी ऐंशी अश्वशक्तीची दोन यंत्रे विलायतेहून आली होती. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. एडनपर्यंतच्या प्रवासाला अकरा दिवस लागणार होते आणि तिच्या कोठारात तर त्याच्या निम्म्या दिवसांपुरताच कोळसा मावत होता. म्हणून खोल्यांत, फलाटावर, जेथे जागा मिळेल तेथे कोळसा भरण्यात आला. त्या भाराने बोट पाण्यात फार खोल बसली. एडनला पोहोचली तेव्हा कोळसा जवळजवळ संपत आला होता. ती सुएझला पोहोचली हे खरे. परंतु नुसते बलवान यंत्र आणि नुसती भक्कम बोट यांनी काम भागत नाही, हेही त्या प्रवासाने दाखवून दिले.

यातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या आगबोटींना दोन्ही बाजूंस मोठी चाके असत. चाकांच्या फळ्या पाणी मागे लोटीत आणि बोट पुढे जाई. ही चाके पाण्यात ठराविक खोलीपर्यंतच बुडाली पाहिजेत. बोट भाराने खाली बसली, तर चाके अधिक बुडतात; मग यंत्राची पुष्कळशी शक्ती पाणी वर उचलण्यातच वाया जाते आणि यंत्र दमल्यासारखे मंद चालते. कोळसा जळून बोट हलकी झाली, तर चाके वर येतात आणि पाण्याला पकड न घेता नुसतीच वेगाने फिरतात. समुद्र खवळला व बोट एका अंगावर कलली, तर एक चाक खोल बुडते आणि दुसरे हवेत फिरते. यंत्र कोठे ठेवावे, त्याचा भार पुढे यावा की मागे, दांडा सरळ कसा राहावा, या सर्व गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. लाकडाची बोट लाटांवर किंचित वाकते. तिच्याबरोबर दांडाही वाकला, तर तो घासून तापतो. सारांश, बोट आणि यंत्र यांचा मेळ बसविणे हीच खरी विद्या होती. लाकूड जाणणारा सुतार यंत्र जाणत नसे आणि यंत्र जाणणारा लोहार समुद्र जाणत नसे. दोन्ही जाणणारा माणूस दुर्मिळ होता. अर्देशीर यांनी तसा माणूस होण्याचे ठरविले.

आरंभ त्यांनी लहान गोष्टीने केला. त्यांनी एक अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र स्वतः तयार केले. विहिरीतील पाणी वर ओढून कारंज्याला पुरविणे हे त्याचे काम होते. खेळण्याएवढे वाटणारे हे यंत्र म्हणजे त्यांची पहिली परीक्षा होती. वाफ गळू नये म्हणून सांधे किती घट्ट असावेत, दट्ट्या आणि नळकांडे यांत किती फट असावी, हे ग्रंथांतून कळते. पण हाताला उमजते ते काम करूनच. त्यानंतर १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ नावाची साठ टनांची छोटी आगबोट सिद्ध केली. तिच्या रूपाने लाकडाची वडिलोपार्जित विद्या आणि वाफेची नवी विद्या एका माणसाच्या हातून एकत्र आल्या.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, मुंबईकरांनी आणखी एक नवल पाहिले. अर्देशीर यांनी माझगाव येथील आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. ज्या शहरात घरोघरी तेलाच्या समया आणि मेणबत्त्या जळत होत्या, तेथे नळीतून येणाऱ्या वायूचा शुभ्र प्रकाश पाहून लोक थक्क झाले. मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांनी स्वतः येऊन हा प्रयोग पाहिला आणि मानाचा पोशाख देऊन अर्देशीर यांचा गौरव केला. शहरातील रस्त्यांवर गॅसचे दिवे लागण्यास त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मिळविलेले ज्ञान त्यांनी आपल्यापुरते राखून ठेवले नाही. एल्फिन्स्टन विद्यालयात ते यंत्रशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांचे मार्गदर्शन करीत. पिढीजात धंद्याचे मर्म घराबाहेर जाऊ न देण्याची रीत ज्या काळी सर्वत्र होती, त्या काळी हे औदार्य लहान नव्हते. १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले.

आता त्यांना ओढ लागली ती वाफेच्या माहेरघराची. १८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा तेव्हा झाला नव्हता. तो पुढे १८६९ मध्ये खुला झाला. मुंबईहून बोटीने तांबड्या समुद्रात जावे, मिसरचे वाळवंट जमिनीवरून ओलांडावे आणि भूमध्य समुद्रात पुन्हा बोट धरावी, असा तो खडतर प्रवास होता. इंग्लंडमधील सुमारे वर्षभराच्या वास्तव्यात त्यांनी गोद्या आणि यंत्रांचे कारखाने पाहिले, अभियंत्यांच्या भेटी घेतल्या. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारातही त्यांना जाण्याचा मान मिळाला. या प्रवासाची आणि वास्तव्याची दैनंदिनी त्यांनी १८४० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

त्या दिवसांत इंग्लंडमधील जहाजबांधणीत एका मोठ्या बदलाची चाहूल लागली होती. बाजूच्या चाकांऐवजी बोटीच्या मागे, पाण्याखाली, मळसूत्रासारखा फिरणारा पंखा लावावा, असा विचार पुढे आला होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका शेतकऱ्याने असा पंखा लावलेली लहान बोट तयार केली. तिचा पंखा लाकडाचा असून त्याला मळसूत्राचे दोन पूर्ण वेढे होते. १८३७ मध्ये कालव्यात चाचणी चालू असताना तो पंखा कशावर तरी आपटून निम्मा मोडला. बोट थांबेल असे सर्वांस वाटले. परंतु ती अधिकच वेगाने धावू लागली! अधिक लांब पंखा म्हणजे अधिक वेग ही समजूत त्या अपघाताने खोटी ठरविली. स्मिथच्या ‘आर्किमिडीज’ या मोठ्या बोटीच्या चाचण्या १८३९ पासून समुद्रावर होऊ लागल्या. पुढे १८४५ मध्ये इंग्लंडच्या आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ या सारख्याच शक्तीच्या दोन बोटी पाठीला पाठ लावून एकमेकींना बांधल्या आणि दोघींनाही ओढावयास लावले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला उलटे ओढीत नेले. अर्देशीर यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अशा झपाट्याने पालटणाऱ्या काळात गेला.

त्यांची विद्वत्ता इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या नजरेत भरली होती. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले फेलो म्हणून निवडले. न्यूटनसारख्या थोर शास्त्रज्ञाने जिचे अध्यक्षपद भूषविले, त्या संस्थेचा हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. या मानाचे दुर्मिळत्व एका गोष्टीवरून ध्यानी येते. त्यांच्यानंतर तो मिळविणारे दुसरे भारतीय म्हणजे थोर गणिती श्रीनिवास रामानुजन. आणि त्यांची निवड १८१८ मध्ये नव्हे, तर १९१८ मध्ये, म्हणजे अर्देशीर यांच्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी झाली.

त्याच वर्षी अर्देशीर यांच्यावर मुंबईत मोठी जबाबदारी येऊन पडली. कंपनी सरकारच्या आगबोटींची दुरुस्ती व देखभाल करणाऱ्या कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा सहाशे रुपये होते. त्यांच्या हाताखाली एक मुख्य साहाय्यक, चार युरोपियन मुकादम, शंभर युरोपियन यंत्रकार व बाष्पकार आणि सुमारे दोनशे एतद्देशीय कारागीर होते. एका भारतीय माणसाने शंभर युरोपियनांना हुकूम द्यावा, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती आणि ती अनेकांना रुचली नाही. माणूस कितीही लायक असला, तरी एतद्देशीयाला युरोपियनांच्या वर बसवावे काय, अशी टीका वृत्तपत्रातून झाली. अर्देशीर यांच्या ज्ञानात कोणाला उणे काढता आले नाही. आक्षेप होता तो त्यांच्या जन्मावर.

या आक्षेपाला कारखान्यातील रोजच्या कामानेच उत्तर देणे शक्य होते, आणि ते काम सोपे नव्हते. त्या काळी आगबोटींच्या बाष्पकांत समुद्राचे खारे पाणी भरीत. पाणी उकळून वाफ झाली की, मीठ आतल्या पत्र्यांवर जमे. ते वेळच्या वेळी काढले नाही, तर पत्रा तापून लाल होई आणि बाष्पक फुटण्याचा धोका उद्भवे. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजे, दांडे झिजत, सांधे गळू लागत. यंत्रनिरीक्षकाने एखाद्या यंत्राला निर्दोष म्हणावे आणि भर समुद्रात ते बंद पडावे, तर शेकडो प्रवाशांचे प्राण संकटात सापडत. येथे वंश आणि वर्ण यांचा काही उपयोग नव्हता. यंत्र कोणाचीही भीड धरीत नाही. ज्याला त्याची प्रकृती कळते, त्याचेच ते ऐकते. अर्देशीर यांनी ही जबाबदारी एक-दोन नव्हे, तर सुमारे सोळा वर्षे सांभाळली. ज्या नेमणुकीबद्दल शंका घेतल्या गेल्या, ती इतका दीर्घकाळ टिकली, यातच त्यांच्या योग्यतेची साक्ष आहे.

ज्येष्ठ पदावर पोहोचल्यानंतरही त्यांची जिज्ञासा मंदावली नाही. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथील लाकूड कापण्याची यंत्रे पाहून त्यांनी ती मुंबईसाठी खरेदी केली. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या करवत आणि वाकस यांच्यावर कीर्ती मिळविली, त्याच घराण्यातील पुरुषाने लाकूड कापणारे यंत्र गोदीत आणावे, यात त्यांची दूरदृष्टी दिसून येते. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची कला या गोष्टी मुंबईत प्रथम आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

१८५१ मध्ये त्यांच्या आयुष्यातील एक मोठा मनोरथ पूर्ण झाला. ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट त्या वर्षी पाण्यात उतरली. तिचे यंत्रभाग विलायतेहून आणलेले नव्हते. ते अर्देशीर यांच्या स्वतःच्या ओतशाळेत घडविलेले होते. ‘ह्यू लिंडसे’च्या वेळी मुंबईने बोट दिली आणि यंत्रे परदेशाने दिली. बावीस वर्षांनंतर बोटही मुंबईची आणि यंत्रेही मुंबईचीच होती. तिला नाव दिले ते मात्र स्वतःचे नव्हे, तर सुरतेहून आलेल्या त्या आद्य सुताराच्या कुळाचे.

१८५७ मध्ये अर्देशीर सेवानिवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमधील रिचमंड येथे राहावयास गेले. परंतु विश्रांती त्यांना फार काळ लाभली नाही. १८६१ मध्ये सिंधू नदीवर आगबोटी चालविणाऱ्या कंपनीने त्यांना आपले मुख्य अभियंता म्हणून सिंधमधील कोटरी येथे बोलाविले. ज्या नदीचे नाव त्यांनी तारुण्यात आपल्या पहिल्या आगबोटीला दिले होते, त्याच नदीच्या बोटी सांभाळण्याचा योग उतारवयात आला. नदीवरील बोटींची प्रकृती समुद्रावरील बोटींहून निराळी असते. तेथे पाणी उथळ, गाळ पुष्कळ आणि प्रवाह नित्य बदलणारा. १८६३ पर्यंत हे काम करून ते रिचमंडला परतले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षात, त्यांचे तेथेच देहावसान झाले.

मुंबईच्या सागवानी जहाजांचा जमाना पुढे संपला. लोखंडी आणि पोलादी बोटी आल्या, बाजूची चाके गेली आणि सर्वत्र मळसूत्री पंखा रूढ झाला. काळाच्या ओघात अर्देशीर यांचे नावही मागे पडले. भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी, रॉयल सोसायटीवरील त्यांच्या निवडीच्या वाढदिवशी, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेव्हा देशाला या विस्मृत यंत्रविशारदाची पुन्हा ओळख झाली.

आज पुराच्या वेळी बचाव-पथकाची नाव गावाजवळ आली, तर तिच्या मागे टांगलेले लहानसे इंजिन आणि त्याखालचा पंखा कोणालाही दिसेल. शर्यतीच्या वेगवान बोटीतही रचना तीच असते. मळसूत्र एका फेऱ्यात लाकडात जसे ठराविक अंतर शिरते, तसा पंखाही एका फेऱ्यात बोटीला ठराविक अंतर पुढे नेऊ पाहतो. हे अंतर इंजिनाच्या शक्तीपेक्षा अधिक असले, तर इंजिन दमते आणि त्याचे फेरे कमी पडतात. कमी असले, तर इंजिन वाजवीपेक्षा जलद फिरते आणि बोट मात्र मागेच राहते. पंखा फार वर बसविला, तर तो पाण्याबरोबर हवाही ओढतो व त्याची पकड सुटते. फार खाली बसविला, तर पाण्याचा अडथळा वाढतो. माणसे सारी मागे बसली, तर नावेचे तोंड वर उचलले जाते. म्हणून जाणता चालक इंजिनाचे फेरे मोजतो, इंजिनाची उंची वर-खाली करून पाहतो, पंखा बदलून पाहतो, आणि बोट व यंत्र यांचा मेळ जुळला म्हणजेच वेगाची अपेक्षा करतो. ‘ह्यू लिंडसे’च्या काळी चाकांच्या बाबतीत जो प्रश्न होता, तोच लहान रूपात येथे आहे.

अर्देशीर वाडिया यांनी असाच मेळ आयुष्यभर साधला. पूर्वजांची विद्या त्यांनी टाकली नाही आणि नव्या विद्येला ते परके राहिले नाहीत. त्यांनी हातांना बुद्धीची आणि बुद्धीला हातांची जोड दिली. आपल्या जन्मावर घेतलेल्या आक्षेपाला सोळा वर्षांच्या निर्दोष कामाने उत्तर दिले. त्यांच्या पहिल्या यंत्राची शक्ती अवघी एका घोड्याची होती; पण तेवढ्या लहान यंत्रापासून आरंभ करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. थोर कार्याचा पाया बहुधा असाच, नजरेत न भरणाऱ्या जागी, घातला जातो.